बिनविरोध

हेदीकाकांनी कुंपणापलीकडून हाक मारली तेव्हा वसुधा दोरीवरचे कपडे पुन्हा एकदा आत नेत होती. आयर्लंडमधल्या मलिंगारमध्ये कपडे वाळत नाहीत, नुसते आतबाहेर करत राहतात. तोंडात दोन चिमटे, खांद्यावर ओलसर टॉवेल आणि दिवसभर हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकून विटलेले कान. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणून मोकळं होतं. वसुधाही झाली.

काकांचं मागणं असं, की तिने त्यांच्या पक्षाची निवडणूक घ्यावी.

पक्ष म्हणजे नागरी संवाद पक्ष. ट्युनिशियातला छोटासा उदारमतवादी पक्ष. २०११च्या क्रांतीनंतर तिथे जे अनेक पक्ष उगवले त्यांतलाच एक. न्यायालयं मोकळी असावीत, बायकांना वारशात बरोबरीचा वाटा मिळावा, कोणी काय बोलावं-छापावं यात सरकारने नाक खुपसू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. एका निवडणुकीत दोन जागा मिळाल्या, पुढच्या वेळी त्याही गेल्या. आता तिकडचं मुख्य कार्यालय बंद होतं, अध्यक्ष आपली ऑलिव्हची बाग बघत होते आणि उरलेले गप्प बसायला शिकले होते. आयर्लंड शाखा मात्र चालू होती. तिच्यात सात माणसं. महिन्यातल्या एका रविवारी ती हेदीकाकांच्या हॉलमध्ये जमत, आणि दोन घरांमधली भिंत एकच असल्यामुळे निम्मं भांडण वसुधाच्या हॉलमध्ये ऐकू येई.

"संवाद पक्ष म्हणे," नंदकुमार टीव्हीचा आवाज वाढवत म्हणायचा, "आणि सातातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत."

नंदकुमार तिचा नवरा, ॲथलोनला एका टेलिकॉम कंपनीत. काकांनी आणलेला हरिसाचा लाल ठेचा तो थालीपिठाबरोबर खायचा, त्यामुळे पक्षाबद्दल त्याचं मत तसं बरं होतं.

शाखेच्या नियमाप्रमाणे दर दोन वर्षांनी शाखाप्रमुखाची निवडणूक व्हायला हवी, आणि ती बाहेरच्या माणसाने घ्यायला हवी. आजवर हे काम गल्लीतले एक निवृत्त हेडमास्तर करत. ते आता गॉलवेला मुलीकडे राहायला गेले. काकांच्या मते वसुधाहून योग्य माणूस शोधून सापडला नसता. ज्या देशात एवढी कोट्यवधी माणसं रांगा लावून मत देतात, तिथल्या बाईला निवडणूक काय शिकवायची? वसुधाने आयुष्यात दोनदा मत दिलं होतं. तिसऱ्यांदा गेली तर यादीत नावच नव्हतं. पण हे सगळं चिमटे तोंडात धरून कोण सांगणार?

हेदीकाकांना घरात सगळे काकाच म्हणत. सानिका लहान असताना म्हणायला लागली, आणि लेकीचं नातं आईने उचललं, आपल्याकडे असतं तसं. ते मात्र वसुधाला ठरवून 'मादाम' म्हणत. दक्षिण ट्युनिशियातल्या एका गावात ते भूगोलाचे मास्तर होते. तिथेही निवडणुकीची ड्युटी मास्तरांच्याच गळ्यात पडायची, हे ऐकून वसुधाला फार जवळचं वाटलं होतं. तिची आई शिक्षिका, दर निवडणुकीला सतरंजी गुंडाळून निघायची. फरक एवढाच, की काकांच्या मतपेटीत एकाच माणसाला मत पडायचं, कारण उभाच एक असायचा. १९८९ साली रात्री मोजणीला बसल्यावर त्यांनी विचारलं, आपण मोजतोय काय? एकदाच विचारलं, पण मोठ्याने विचारलं. पुढच्याच महिन्यात बदली झाली, जिथे शाळेला दार होतं पण रस्ता नव्हता अशा ठिकाणी. तिथे इंग्रजी शिकवायला आलेली ब्रिजिड नावाची आयरिश बाई भेटली. तिच्याशी लग्न करून ते इकडे आले. भूगोलाची पदवी इथे कोणी विचारली नाही. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी टाइल्सच्या दुकानात काढली. ब्रिजिड जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही.

इथल्या निवडणुकांचं त्यांना भारी कौतुक. आयर्लंडमध्ये मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालतात आणि मोजणी दोन-दोन दिवस चालते. लोक मॅचला जातात तसे काका डबा घेऊन मोजणी बघायला जात. कठड्याला रेलून, कोणाची मतं कोणाकडे वळली ते बघत उभे राहत. "काल साडेअकरापर्यंत ठरलं नव्हतं," असं येऊन इतक्या आनंदाने सांगत, की जणू न ठरणं हीच मजा.

या खेपेला शाखेत दोन उमेदवार होते. एक हेदीकाका, जे स्थापनेपासून प्रमुख होते. दुसरी इनेस, मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करणारी, तिशीतली, चटचट बोलणारी मुलगी. तिचं म्हणणं, एकट्याने उरलेल्या छोट्या पक्षाला आता अर्थ नाही, परदेशातल्या सगळ्या उदारमतवादी गटांनी एक आघाडी करावी आणि शाखा तीत विलीन करावी. काकांचं म्हणणं, नाव गेलं की माणसं जातात. मागच्या बैठकीत हा वाद एवढा पेटला, की इनेस त्यांना 'संग्रहालयाचे राखणदार' म्हणाली. काका म्हणाले, राखायला निदान काही असावं लागतं. भिंतीपलीकडून वसुधाला अरबी-फ्रेंच काही कळलं नाही. दार आपटलेलं तेवढं कळलं. बाकीचं काकांनी दुसऱ्या दिवशी कुंपणावरून सांगितलं. तीन जण तिकडे, तीन इकडे, आणि सातवे ॲथलोनचे फार्मासिस्ट, ज्यांना दोन्ही बाजू आपलेच समजत होत्या.

वसुधाला त्यातलं राजकारण कळलं नाही, पण संसार कळला. निकाल काहीही लागो, हरलेली बाजू उठून जाणार. उरलेल्या तीन-चार माणसांचा पक्ष किती दिवस टिकणार? मग त्या रविवारी काका काय करणार? त्यांच्याकडे बाकी कोण येतं? तीच एक, उरलेली भाजी घेऊन.

आणि मग तिला तिचे वडील आठवले.

साताऱ्यात त्यांच्या हाउसिंग सोसायटीत दत्तात्रय म्हणजे तिचे बाबा यासाठीच प्रसिद्ध होते. निवडणूक जाहीर झाली की ते एका उमेदवाराकडे चहाला जात, मग दुसऱ्याकडे. तिसऱ्या चहाला दोघांपैकी एक जण अर्ज मागे घेई. त्यांच्या हयातीत सोसायटीत एकदाही मतदान झालं नाही आणि याचा सगळ्या आळीला अभिमान. "निवडणूक दोन तासांची," बाबा म्हणत, "अबोला मात्र मुंजीपासून मर्तिकापर्यंत." इथल्या मराठी मंडळातही तीच पद्धत. महाराष्ट्रात गावांना तर बिनविरोध निवडीबद्दल बक्षिसं मिळतात. बिनविरोध म्हणजे शहाणपण, मोठ्यांचा मान, घर न फुटणं. यात काही वावगं असेल असं वसुधाच्या मनाला शिवलंही नाही.

शनिवारी तिने मलिंगारहून गाडी धरली आणि ती मेनूथला उतरली. इनेस कालव्याकाठच्या एका कॅफेत भेटली. डोळ्यांखाली काळं, समोर अर्धवट तपासलेले विद्यार्थ्यांचे पेपर. वसुधाने बाबांच्याच चालीने सुरुवात केली. आधी तब्येत, मग घरचे, मग काम. इनेसची आई तिकडे एकटी होती. विद्यापीठातलं कंत्राट उन्हाळ्यात संपत होतं. बोलता बोलता वसुधा मुद्द्यावर आली. काका वयस्कर आहेत, शेवटची एक खेप त्यांना राहू दे, तू उपप्रमुख हो, पुढच्या वेळी तूच.

इनेस बराच वेळ चमचा फिरवत राहिली. वसुधाला वाटलं होतं, ती वाद घालेल. तिने घातला नाही. फक्त विचारलं, हे त्यांनी सांगितलंय का? नाही, त्यांना माहीतही नाही, असं वसुधा म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग इनेसने फोन काढून तिथल्या तिथे माघारीचा मेल लिहिला आणि वसुधाला पाठवला. परतीच्या गाडीत वसुधाला हलकं वाटत होतं. बाबांना तिसरा चहा लागायचा. तिचं एका कॉफीत झालं.

"झालं ना? ग्रँड," नंदकुमार म्हणाला.

रविवारी दुपारी सगळे जमले, या खेपेला वसुधाच्या हॉलमध्ये, कारण निवडणूक घेणाऱ्याच्या घरी घ्यायची असा दंडक. तिने कोथिंबीरवडी केली होती. काका इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून आले. हातात जुना बुटांचा खोका, वर चीर पाडलेला. हेडमास्तरांच्या वेळेपासूनची मतपेटी. ती त्यांनी टीपॉयवर ठेवली, रिकामी असल्याचं सर्वांना उलटी करून दाखवलं आणि झाकणाला चिकटपट्टी लावली.

वसुधा उभी राहिली. तिने इंग्रजीत सांगितलं, की इनेसने मोठ्या मनाने माघार घेतली आहे, त्यामुळे मतदानाची गरज नाही, हेदीसाहेब बिनविरोध निवडून आले आहेत. आणि टाळ्या वाजवल्या.

तिच्या एकटीच्याच टाळ्या वाजल्या. त्या किती वेळ वाजवायच्या हे न कळून तिने थोड्या जास्तच वाजवल्या. फार्मासिस्ट सतरंजीकडे बघत होते. एक बाई हळूच हसली, चांगलं हसणं नव्हतं ते. काका उभेच होते.

"माघार का घेतली?" त्यांनी इनेसला विचारलं. महिन्याभरात त्यांनी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

इनेस म्हणाली, मला विनंती झाली. आणि वसुधाकडे बघितलं.

काका वसुधाकडे वळले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी थकलेल्या आवाजात बोलले.

"मादाम, मी सत्तरीला आलो. लहानपणी एक नाव, तरुणपणी एक नाव. नेहमी एकच माणूस उभा आणि सगळे टाळ्या वाजवणारे. त्याला आम्हीही हेच म्हणायचो, एकमताने. मी तेवढ्यासाठी देश सोडला. आणि तुम्ही मला तुमच्या हॉलमध्ये तसला माणूस करून टाकलंत."

"काका, मी तुमच्या भल्यासाठीच केलं," वसुधा म्हणाली.

"तेही तसंच म्हणायचे."

 मग काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी हरणार होतो. चार-तीन. माझं भाषण तयार होतं. आजवर मला कोणी एक निवडणूकसुद्धा हरू दिलेली नाही."

त्यांनी पद घेतलं नाही. इनेस परत उभी राहीना. मेल गेला म्हणजे गेला, म्हणाली. दुसरं कोणी उभं राहायला तयार नव्हतं. मग शाखेला प्रमुखच नाही, आणि प्रमुख नसेल तर नियमाप्रमाणे महिन्याभरात शाखा बरखास्त, एवढं नोंदवून माणसं उठली. कोथिंबीरवडी तशीच राहिली. सानिकाने ती फ्रिजमध्ये ठेवता ठेवता आपल्या मलिंगारी इंग्रजीत सांगितलं, "मम, दॅट्स लिटरली व्हॉट डिक्टेटर्स डू."

"तुझ्या आजोबांना डिक्टेटर म्हणतेस का?" वसुधा म्हणाली. सानिकाने खांदे उडवले.

पुढचे दिवस वसुधा कामावर गेली, आली, कपडे आतबाहेर केले. कुंपणापलीकडे काका दिसत, मान हलवत, आत जात. दारात ठेवलेला भाजीचा डबा धुऊन परत येई, पण रिकामा. काका रिकामा डबा कधी परत करत नसत. रात्री तिला बाबांचे चहा आठवत. सोसायटीतल्या कुलकर्णीकाकूंनी तीनदा अर्ज भरला होता आणि तीनदा मागे घेतला होता. चौथ्यांदा भरलाच नाही. तेव्हा सगळे म्हणाले, किती समजूतदार बाई. त्यांना काय वाटलं ते बाबांनी कधी विचारलं नसावं. वसुधाने तर नाहीच.

नंदकुमार म्हणाला, आपला पक्ष नाही, आपला देश नाही, तू कशाला जीव जाळतेस. खरंच होतं. पण घोळ आपला होता.

दुसऱ्या शनिवारी ती पुन्हा मेनूथला गेली. यावेळी तब्येत, घरचे, काम यातलं काही विचारलं नाही.

"मी चूक केली," ती म्हणाली. "तू उभी राहा. तू उभी राहिल्याशिवाय त्यांना हरता येत नाही."

इनेसला हसू आलं, मग ते गेलं. तिने जे सांगितलं ते ऐकून वसुधा चाट पडली. विनंतीला मान देऊन माघार घेतली हे अर्धंच खरं, म्हणाली. तुम्ही आलात तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. कंत्राट संपतंय, आई फोनवर रडते, तिकडचे लोक मेलला उत्तरं देत नाहीत. बैठकीत तावातावाने बोलते ती सवयीने. प्रमुख होऊन मी काय करू, सात माणसांना आठवण करून देत बसू? कोणीतरी बळजबरीने थांबवावं अशी वाटच बघत होते मी.

वसुधाला हे चांगलं समजलं. मराठी मंडळाची सेक्रेटरी म्हणून नऊ वर्षं तीही हीच वाट बघत होती. म्हणून तिने समजूत घातली नाही, तूच भविष्य वगैरे काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, की नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. फक्त या खेपेला ते नाही तुझं असू दे, माझं नको. आणि ते त्यांना तू सांग.

 मग इनेसने काकांना फोन लावला. अरबीत बोलणं झालं, थोडंच. फोन ठेवून म्हणाली, "उभी राहते. म्हातारा म्हणाला, धन्यवाद, मी तुला पाडायचा पूर्ण प्रयत्न करेन."

आणि काकांनी तो केला. त्या आठवड्यात त्यांनी उरलेल्या पाचही जणांना फोन केले, फार्मासिस्टना दोनदा. भिंतीपलीकडून त्यांचा चढलेला आवाज ऐकून नंदकुमार इथल्या आयरिश लोकांच्या थाटात म्हणाला, युअर मॅन जोरात आहे.

रविवारी पुन्हा तोच हॉल, तोच खोका. वसुधाने वडी केली नाही. दुकानातली बिस्किटं ठेवली. एकेक जण स्वयंपाकघरात जाऊन, कपबशांच्या कपाटासमोर पाठमोरा उभा राहून चिठ्ठी लिहून आला. काकांनी चिठ्ठी टाकताना टाय सारखा केला. मग वसुधाने सगळ्यांसमोर चिकटपट्टी काढली आणि एकेक नाव वाचलं. इनेस. इनेस. हेदी. इनेस. तेव्हाच काकांचा चेहरा जरा बदलला. इनेस. हेदी. इनेस.

पाच-दोन.

चार-तीनची तयारी केलेल्या माणसाला पाच-दोन पेलायला जरा वेळ लागतो. आपल्या समजलेल्यांपैकी एक जण आपला नव्हता, ही काही भाषणात बसणारी गोष्ट नाही.  मग काका उठले आणि टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत आधी. बाकीच्यांनीही वाजवल्या, कोणी जोरात, कोणी नुसत्याच. भाषण त्यांनी खिशातून काढलं, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि बाकीचं परत खिशात घातलं. इनेसशी हात मिळवून म्हणाले, पुढच्या बैठकीचं निमंत्रण प्रमुखाने पाठवायचं असतं, आठ दिवस आधी. ती हो म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर विजयाचं काही नव्हतं. कामाचा दिवस संपता संपता बॉसने आणखी एक काम टेबलावर ठेवावं, तसं काहीतरी होतं.

वसुधा तिला गाडीने स्टेशनवर सोडायला गेली. संध्याकाळ झाली होती, उजेड अजून होता. स्टेशनबाहेर गाडी थांबल्यावर इनेस पट्टा सोडेना.

"मी त्यांनाच मत दिलं," ती म्हणाली. "वाटलं, माझं एक तिकडे गेलं तर चार-तीन होईल, ते जिंकतील. मी सुटेन." मग म्हणाली, "सगळ्यांनी मलाच दिलं. एवढे कंटाळले होते लोक त्यांना, मला कोणी सांगितलंही नाही."

 "आईला फोन कर पोचल्यावर," एवढंच ती म्हणाली.

घरी परतली तेव्हा काका आपल्या दारात उभे होते, टाय सैल केलेला. बिस्किटं चांगली नव्हती, म्हणाले. वसुधा म्हणाली, माहीत आहे. 

"दोन," ते म्हणाले. "एक माझंच. उमेदवाराने स्वतःला मत द्यावं, नाहीतर उभं कशाला राहायचं. पण दुसरं कोणाचं असेल?" त्यांनीच मग हिशेब मांडला. फार्मासिस्ट असणार. दोनदा फोन केला होता. चांगला माणूस आहे, दिसत नाही पण चांगला आहे. सगळे गेले, तो राहिला. बोलता बोलता त्यांचे खांदे जरा सरळ झाले. "मादाम, तुम्ही चिठ्ठ्या बघितल्यात. तोच ना?"

वसुधाने किल्ली पर्समध्ये टाकली. तिला अतोनात दमायला झालं होतं, आणि उद्या सकाळची पाळी होती.

"गुप्त मतदान आहे, काका," ती म्हणाली आणि दार उघडून आत गेली.